येऊन-जाऊन असणाऱ्या एन्झायटी, ओसीडी, डिप्रेशनसोबत राहायचं कसं

ज्यांना हे दुखणं कायम नसतं, चार-सहा महिने चांगले जातात आणि मग परत येतं, त्यांच्यासाठी लिहितेय. लोकं म्हणतात "आता तर चांगली होतीस की, पुन्हा काय झालं गं?" आणि आपल्यालाही वाटतं की सगळी मेहनत वाया गेली. तसं नसतं. डिप्रेशन एकदा येऊन गेलं की साधारण निम्म्या लोकांना ते पुन्हा कधीतरी येतं, आणि ओसीडी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि धुणं-तपासणं केल्याशिवाय चैन न पडणं) तर कमी-जास्त होतच राहतो. म्हणून माझं म्हणणं एकच, खरं काम बरं असताना करून ठेवायचं, वाईट दिवसांत डोकं चालत नाही.

पहिलं म्हणजे आपलं दुखणं कोणत्या क्रमानं येतं ते वहीत लिहा. माझं झोपेपासून सुरू होतं, पहाटे तीन-चारला जाग, मग गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघणं, मग मैत्रिणींचे फोन न उचलणं, आणि मग अंथरुणातून उठावंच वाटत नाही. हे घरातल्या एकाला तरी दाखवा, बऱ्याचदा आपल्याआधी त्यालाच दिसतं. आणि आपल्याकडं काही दिवस तसेही जड असतात, मे महिन्यातल्या झोप न येणाऱ्या रात्री, सोयाबीन काढायच्या टायमाला लागलेला पाऊस, बँकेची नोटीस, पोरांचं नीट परीक्षेचं वर्ष. माहीत असतंच ना की हे येणार, तर त्याच्या आधी डॉक्टरकडं एक चक्कर मारून यायची.

गोळ्यांचं बोलू. बरं वाटलं की गोळी बंद, हे मी आजूबाजूला लई बघितलंय. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन असल्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, ओसीडीत तर आठ ते बारा आठवडे, आणि डोसही बऱ्याचदा जास्त लागतो, त्यामुळं पंधरा दिवसांत "काहीच फरक नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावरही डिप्रेशनमध्ये निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, ओसीडीत वर्षभर किंवा जास्त. एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या भीती शांत करायच्या, झोपेच्या गोळ्या वेगळ्या, त्यांची सवय लागते, मेडिकलवरून परस्पर आणून खाऊ नका. थायरॉइड आणि बी१२ पण एकदा तपासून घ्या, ते कमी असलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. आणि मधेच कधी झोप न घेताही अंगात भयंकर जोर, बोलणं थांबेना, पैसा उधळणं असं झालं असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा, त्यावर औषधं बदलतात.

आता ओसीडी, यावर जास्त लिहिते कारण हा घरात कळतच नाही. "लई स्वच्छतेची आहे", "सोवळं लई पाळते" एवढ्यावरच विषय संपतो. टँकरची वाट बघून भरलेलं पाणी हात धुण्यात संपतं, मग भांडण, मग त्या भांडणाच्या टेन्शननं आणखी धुणं. कुणाला देवापुढं हात जोडले की घाणेरडे विचार येतात, कुणा आईला स्वतःच्या लेकराला इजा करण्याचे. असा विचार आला म्हणजे बाई वाईट आहे असं अजिबात नाही, ज्याची सगळ्यात जास्त किळस किंवा भीती वाटते तेच डोक्यात येऊन बसतं, हे डॉक्टरला बिनधास्त सांगा, त्यांना नवीन नसतं. उपाय असा की शंकेला उत्तर द्यायचं नाही. भीतीला सामोरं जायचं पण धुणं-तपासणं करायचं नाही, याला ईआरपी म्हणतात, शक्यतो शिकवणाऱ्या माणसासोबतच करा. हात धुवावासा वाटला की आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस, भीती आधी वाढते, ती तशीच वाढू द्यायची. सगळ्यात सोप्यापासून सुरुवात करायची, सगळ्यात अवघड शेवटी.

घरच्यांनी "गॅस बंद केला का" याला दहादा "हो" म्हणू नये, ते "हो" म्हणजे हात धुण्यासारखंच, घटकाभर बरं वाटतं आणि शंका परत येते. त्यापेक्षा "भीती वाटायलीय ते कळतंय मला, पण उत्तर देणार नाही, चल शेंगा फोडू" असं प्रेमानं म्हणायचं. हे पण बरं असतानाच ठरवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी राग येतो.

एन्झायटीचं थोडक्यात, टाळलं की ती वाढते. बाजारात छाती धडधडली म्हणून बाजारच सोडला तर पुढच्या महिन्यात गल्लीपण सुटते. जायचं, थोडा वेळ थांबायचं, यायचं.

डिप्रेशनमध्ये मूड यायची वाट बघायची नाही. वाईट दिवसाची छोटी यादी आधीच करून ठेवा, आंघोळ, गोळी, अंगणापर्यंत जाऊन येणं, बस. भाकरी थापणं होत नसेल तर मुरमुरे, शेंगदाणे, गूळ, दूध, पण उपाशी राहू नका. तेवढं झालं तर तो दिवस झाला.

डॉक्टर कुठं? जिल्हा रुग्णालयात विचारा, संभाजीनगरला घाटी दवाखान्यात आणि अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. जाणं होत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरचे "बाहेरचं आहे" म्हणून कुठं नेत असतील तर त्यावरून भांडत बसू नका, देवाला जाऊन या, पण गोळी चुकवू नका.

आणि जगणं नको वाटायला लागलं तर ते त्याच दिवशी कुणाला तरी तोंडानं सांगा, रात्री असलं तरी उठवा, १४४१६ लावा, किंवा सरळ दवाखान्यात चला, एकटं राहू नका. घरच्यांनो, असं थेट विचारल्यानं तो विचार वाढत नाही, विचारा. फवारणीची औषधं घरात ठेवू नका, भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा आणि चावीपण त्याच्याकडंच राहू द्या, सगळं चांगलं चालू असतानासुद्धा.