गुहागर ते रत्नागिरी: दोन दिवसांत दीपगृहं आणि किनारा कसा पाहावा

कोकणच्या किनाऱ्यावर सहल आखताना बहुतेक लोक नकाशावर किलोमीटर मोजतात आणि तिथेच चुकतात. इथली अंतरं लहान आहेत. गुहागरहून तवसाळमार्गे रत्नागिरी एका दिवसात सहज गाठता येते. वेळ ठरते ती भरती-ओहोटी, फेरीबोट आणि दीपगृह उघडण्याची वेळ या तिघांवर. म्हणून आधी तारीख ठरवावी, मग रस्ता.

तारीख निवडताना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राजवळ आणि निसरड्या खडकांवर जाणं धोक्याचं, त्यामुळे या सहलीतला अर्धा आनंद तिथेच जातो.

हातात कालनिर्णय घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईला बरा बसतो. रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते, म्हणून अर्धा-पाऊण तास वजा धरावा. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात तपासावी.

या सहलीसाठी रविवारी त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या असावी. मग रविवारी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान हेदवीला भरती सापडते, आणि शनिवारी दुपारी ओहोटीमुळे गुहागरचा किनारा चालायला रुंद मिळतो. शिवाय हे उधाणाचे दिवस, पाणी जास्त चढतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर हेदवीला सकाळी कोरडे खडक बघून परत फिराल.

शनिवार

पुण्याहून कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता. पहाटे साडेपाचला निघालं तर घाटात धुक्याची किंवा ट्रकची गाठ पडूनही दुपारच्या जेवणाला गुहागरला पोहोचता येतं. पेट्रोल चिपळुणातच भरा आणि रोख रक्कम काढून ठेवा. पुढे फेरीबोटीवर, छोट्या खानावळीत ती लागते आणि मोबाइलला रेंज असेलच असं नाही. मुंबईकरांना खेड-दापोली-दाभोळ करून धोपाव्याला बोटीने उतरता येतं.

दुपारी अंजनवेलकडे निघा. वाटेत मोठा वीजप्रकल्प दिसतो. एन्रॉनमुळे गाजलेला दाभोळ प्रकल्प तो हाच, आणि तो दाभोळला नसून खाडीच्या अलीकडे अंजनवेलला आहे. गोपाळगड पाहून टाळकेश्वरच्या दीपगृहावर जा. पाहुण्यांना आत सोडण्याची वेळ बहुधा संध्याकाळची असते, पण ती बदलते. आदल्या दिवशी ज्यांच्याकडे उतरणार त्या घरमालकांनाच विचारायला सांगा.

आत गेल्यावर गोल जिना, आणि शेवटचा टप्पा बऱ्याच ठिकाणी उभ्या लोखंडी शिडीचा. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट हवेत. साडी, लांब ओढणी आणि कडेवरचं मूल या शिडीवर अडचणीचं. वर वारा जोरात असतो, टोपी आणि मोबाइल सांभाळा. भिंगाच्या काचेला हात लावू नका: बोटांचं तेल बसलं की प्रकाश विखुरतो. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले दिसले तर ते धुळीसाठी नाहीत. उन्हाचे किरण त्याच भिंगातून एकवटून आतला दिवा जळू शकतो.

दीपगृह टेकाडावर का, याचंही गणित सोपं आहे. समुद्रसपाटीपासून मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घेऊन 3.6 ने गुणा. 100 मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 36 किलोमीटरवर असतं. अंधार पडल्यावर झोत दिसला तर दोन चमकांमधले सेकंद मोजा. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते, खलाशी त्यावरूनच ओळखतात.

गुहागरच्या वाळूत गाडी उतरवू नका, फोर-व्हील ड्राइव्ह असली तरीही. ओली वाळू वरून घट्ट वाटते, चाक फिरलं की गाडी खाली रुतते, आणि भरती वाट बघत नाही. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, हेही कारण पुरेसं आहे.

रविवार

आठच्या आत निघा. पालशेत, अडूर, वेळणेश्वर असं करत हेदवी. दशभुज गणेशाचं देऊळ वर आणि बामणघळ खाली समुद्रालगत, उमामहेश्वराच्या देवळाशेजारी. भरतीचं पाणी खडकाच्या अरुंद चिरेत घुसतं, मागे जायला जागा नसल्याने उसळून उंच उडतं. पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोहोचा. जिथपर्यंत खडक ओला आहे तिथपर्यंत लाट आलेली आहे. कोरड्या खडकावरच थांबा आणि फोटोसाठी पुढे सरकू नका.

मग नरवण, रोहिले करत तवसाळ. इथून जयगडला गाडीसकट नेणारी फेरीबोट, लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. ओहोटीला उतार तीव्र आणि शेवाळलेला असतो, बुटक्या गाडीचा बंपर घासतो. तिरकं, हळू चढवा आणि बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे बघा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बोट चुकली तर पुढची येईपर्यंत थांबणंच बरं; राई-भातगाव पुलाकडून वळसा होतो, पण वेळ जास्त जातो.

जयगडला किल्ला, कऱ्हाटेश्वर आणि दीपगृह. दुपारी दीपगृह बंद असेल तर बाहेरून पाहून पुढे निघा. संध्याकाळी रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावरचं मिळू शकतं. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक पाहायला थोडा वेळ पुरतो. गणपतीपुळे आणि आरे-वारे दोन्हीकडे किनारा लगेच खोल होतो, ओढ फसवी आहे. पाय भिजवा, पोहू नका.

अडीचच्या सुमारास अजून जयगडलाच असाल तर रत्नागिरी सोडून द्या. गणपतीपुळ्याहून निवळीला महामार्ग गाठून चिपळूणमार्गे घाट चढा. अंधारात कुंभार्ली चढण्यापेक्षा हे परवडतं. वेळेत असाल तर आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नदुर्ग, भगवतीचं दर्शन, दीपगृह, आणि मुक्काम रत्नागिरीत. सोमवारी सकाळी निघणं जमत असेल तरच हा शेवटचा भाग घ्या.