बियाणं पोचलं, पण वाफसा नव्हता

कृषी पदवी घेऊन पुण्यात मदतसंस्थांचे उंबरे झिजवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आयपीसीचे, म्हणजे अन्नटंचाई किती गंभीर हे ठरवणाऱ्या मोजपट्टीचे, पाच टप्पे तुम्हाला पाठ असतीलच. मी जिथे चुकले, तेवढंच सांगते.

सप्टेंबर 2025 मध्ये सोलापूरकडे सीना नदीला पूर आला. रब्बी ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, हे डोक्यात पक्कं होतं. तारीख हुकू नये म्हणून माढ्याकडच्या एका गावासाठी बियाण्याचा टेम्पो घाईने भरायला लावला तो मीच. पोचलो तर रानात गुडघाभर चिखल. काळी जमीन पाणी लवकर सोडत नाही. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येण्याआधी पेरणीची पाभर घातली की फणाला माती चिकटते, बी कुजतं, मदत मातीत जाते. तारीख पुस्तकात असते, वाफसा रानात. निघण्याआधी गावात एक फोन करून "वाफसा कधी येईल?" एवढं मी विचारलं नव्हतं.

त्याहून वाईट पुढे होतं. एका घरात आजी परातीत ज्वारी धूत होत्या आणि पाणी गुलाबी झालं होतं. आमचंच बियाणं, बुरशीनाशक लावलेलं. धुतलं तरी ते खाण्याजोगं होत नाही. मी परात ओढून घेतली. त्या म्हणाल्या, "मग खावं काय, पोरी?" घरातलं धान्य पुरात गेलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून सांगते, घरात धान्य नसेल तर नुसतं बियाणं देऊ नका. आधी पीठ-डाळ, जनावरांना कडबा, मग बी. वाटण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पाऊणशे तरी उगवले पाहिजेत.

घाबरू नका, सगळं हातचं जात नाही. ज्वारी हुकली तरी पाण्याची सोय असेल तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरभरा, गहू पेरता येतो.

शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्र कोर्सवर पैसे घालवू नका, हे माझं ठाम मत. निवृत्त कृषी सहायक गाठा, त्यांच्यासोबत चार बांध फिरा. मला वाफसा त्यांनीच शिकवला: मूठभर माती दाबायची, गोळा हलक्या हाताने फुटला तर पेरा.

आणि मदतीची यादी निव्वळ सातबाऱ्यावरून करू नका. वाटेकऱ्याचं नाव तिथे नसतं. संध्याकाळी पारावर बसा आणि विचारा, रान कोण कसतं.