ओला कचरा निथळून द्या

इंदूरच्या राजेंद्रनगरात माझं जेवणाच्या डब्यांचं काम आहे. खाणारी बहुतेक पोरं भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासची. एका स्वयंपाकघरातून चार घरांचा ओला कचरा निघतो, त्यामुळे निगमची, म्हणजे महापालिकेची कचरागाडी दारात थांबली की हेल्परची नजर आधी माझ्या बादलीवर जाते. नाशिक-जळगावकडचे नातेवाईक आले की हमखास विचारतात, "कचरा वेगळा करणं इंदूरला कसं जमतं गं? आमच्याकडे दोन-दोन डबे वाटले, तरी सगळं एकातच." त्यांना सांगते ते इथे लिहिते.

कचऱ्याच्या डब्यांच्या रंगाचं नंतर बघू. हिरव्यात ओला, निळ्यात सुका, एवढं आता लहान पोरालाही पाठ आहे. खरी गडबड सिंकपाशी होते. देठं, सालं, चहाचा चोथा, ताटातलं उष्टं आपण पाण्यासकट बादलीत लोटतो. दुपारपर्यंत तळाला आंबूस पाणी साचतं आणि वास सुटतो. मग वासाला उपाय म्हणून पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी लावायची, गाठ मारायची आणि गाठीसकट गाडीत टाकायची. पाणी काढलंत तर पन्नीची गरजच पडत नाही.

त्यासाठी विकत काही आणू नका. भाजी धुवायची जुनी चाळण सिंकच्या कोपऱ्यात ठेवा आणि सगळं आधी तिच्यात टाका. चहाचा चोथा गाळणीतच चमच्याने दाबून घ्या. ताक, वरण, भाजीचा रस्सा असलं पातळ बादलीत ओतायचं नाही. बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी घाला. ती ओल्याबरोबर गेली तरी चालते, कागद कुजतो. मे महिन्यात आमरसाच्या दिवसांत सालींवर चिलटं घोंघावतात, तेव्हा सालं कागदात गुंडाळूनच टाका. गाडी गेल्यावर बादली विसळून उन्हात पालथी घाला. हे रोजचं आहे, ज्याला कंटाळा येईल त्याच्या घरी पन्नी परत येणार.

दुधाच्या पिशवीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तिथे शहाणी माणसंही चुकतात. कात्रीने कोपरा कापला की तो तिकोनी तुकडा उडतो, ओट्यावर चिकटतो, मग पोतेऱ्याबरोबर ओल्या बादलीत. नखाएवढा असतो, कुणी उचलत बसत नाही. म्हणून कोपरा पूर्ण कापायचाच नाही. आडवा छेद द्या, तुकडा एका बाजूने पिशवीला लटकत राहू दे. दूध ओतलं की पिशवीत थोडं पाणी घालून हलवा, ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत. पिशवी खिडकीच्या गजाला चिमटा लावून वाळवा. वाळलेल्या पिशव्यांचा गठ्ठा आमच्याकडचा अटाळेवाला, म्हणजे भंगारवाला किलोवर घेतो. ओशट, वास मारणाऱ्या पिशव्यांना तो हात लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

एवढ्याशा तुकड्याचं काय एवढं, असं वाटेल. नेमावर रोडला देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. त्याच बाजूला 19 फेब्रुवारी 2022 ला बायो-सीएनजीचा प्लांट सुरू झाला, रोज 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा. तिथे कचरा दळून त्याचा लगदा करतात आणि बंद टाक्यांत हवा न लागू देता कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूतला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की उरतो मिथेन, तो सीएनजी म्हणून गाड्यांना चालतो. उरलेल्या गाळाचं खत होतं. पन्नी आणि दोरे मशीनला गुंडाळले जातात, माती-वाळू टाकीच्या तळाशी बसते आणि तेवढी जागा फुकट जाते. म्हणून झाडलोटीची माती ओल्यात नाही. केसही नाहीत. दोन्ही सुक्यात.

बाकीची वाटणी पटकन सांगते. अंड्याची टरफलं, माशाचे काटे, शिळी पोळी ओल्यात. पळसाची पत्रावळ ओल्यात, पण आतून चकचकीत असलेला कागदी द्रोण सुक्यात, कारण ती चकाकी प्लास्टिकची असते. पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरून झाला की त्याची पुडी सुक्यात. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडून टाकू नका. सेल, ट्यूबलाइट आणि मुदत संपलेली औषधं यांच्यासाठी एक जुना डबा कपाटावर ठेवा, भरला की गाडीवाल्याच्या हातात द्या. आमच्याकडे गाडीत सहा प्रकारांची वेगळी सोय आहे: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक. तुमच्या गाडीत दोनच कप्पे असतील तरी घरात वेगळं करणं थांबवू नका, नाहीतर तिसरा कप्पा मागायला तोंड कुठलं?

आता माणसांचं. घरात शिस्त कितीही लावा, भांडी घासणारी बाई आणि भाडेकरू यांना कुणी सांगतच नाही. बाईंना तोंडी उपदेश नको. चाळण कुठे, बादली कुठे, हे हाताने दाखवा आणि पोतेरं कुठे झटकायचं तेही दाखवा. पोरांसाठी माझा साधा नियम आहे: डबा परत येताना त्यात फक्त अन्न उरलेलं चालेल. टिश्यू, टूथपिक, दह्याची थैली सापडली की दुसऱ्या दिवशी लोणचं बंद. उपदेशापेक्षा हा इलाज जालीम आहे.

गल्लीला वळण लावायचं तर सभा घेऊ नका. सभेला तेच येतात ज्यांचा कचरा आधीच नीट असतो. भिशीत, हळदीकुंकवाला सहज विषय काढा, आणि सुरुवातीला काही दिवस गाडीच्या वेळी स्वतः फाटकापाशी उभ्या राहा. प्रत्येकाने आपली बादली हेल्परसमोर उघडून ओतायची, गाठ मारलेली पन्नी भिरकवायची नाही. चारचौघांत बादली उघडायची म्हटलं की माणूस आपोआप नीट वागतो. हेल्परला विचारा, कुठल्या घरातून काय चुकीचं येतं. त्याच्याइतकं गल्लीबद्दल कुणालाच माहीत नसतं. आमचा एकदा म्हणाला, "माताजी, गीले में पन्नी मत दो, बाकी मैं देख लूँगा." नेमकं तेवढंच गल्लीत पसरवलं, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

गाडीचं घोडं अडत असेल तर 'कचरा नीट उचलत नाहीत' असली मोघम तक्रार करू नका. कोणती गल्ली, कोणता वार, गाडी किती वाजता आली किंवा आली नाही, आणि ओला-सुका गाडीत पुन्हा एकत्र झाला का, हे लिहून फोटोसकट द्या. इंदूरला तक्रारींसाठी निगमचं 311 ॲप आहे, तिथे तक्रार टाका. काम न झालं तर झोन कार्यालय, तिथेही न झालं तर पार्षद, म्हणजे नगरसेवक. वेळेचा प्रश्न मात्र वर्दीवाल्या दरोग्याशीच, म्हणजे सफाईवर देखरेख करणाऱ्याशीच बोलून सुटतो. आमच्या गल्लीत नोकरीवाली घरं जास्त, गाडी उशिरा यायची आणि घरं कुलपात. चार घरांनी मिळून सांगितल्यावर फेरी उलटी फिरली, आधी आमची गल्ली, मग पुढचं. एकट्याने सांगितलं असतं तर आश्वासन मिळालं असतं.

घरी खत करायचं असेल तर करा, पण त्यासाठी गाडीचं काम अडवून ठेवू नका. भोकं पाडलेला माठ घ्या. ओला थर, त्यावर वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या, पाल्याचा थर नेहमी जाड. मूठभर घेऊन आवळलं की हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. वास आला तर पाला वाढवा, मुंग्या झाल्या तर पाणी शिंपडा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कुजवायचंच काम करतात.

गणपतीत मात्र निर्माल्य वेगळं बांधून ठेवा. हारातला दोरा, जर, प्लास्टिकची फुलं काढायला बसलात की पाच मिनिटं लागतात. दुर्वांच्या जुडीचा दोरा विसरला जातो, तो आधी सोडा.