जाहीर झालेली जादा सुट्टी आणि आपली भरपगारी सुट्टी : या चुका टाळा

माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे २६ डिसेंबर २०२४ च्या रात्री निधन झाले आणि कर्नाटक सरकारने दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळा-महाविद्यालये व सरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर केली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाऊंड्रीत काम करणारा माझ्या ओळखीचा एक कामगार मोबाईलवर ती बातमी वाचून घरी राहिला. पगार झाल्यावर तो हजेरी कार्ड घेऊन माझ्याकडे आला. २७ तारखेच्या चौकोनात तांबड्या शाईने फुली होती आणि पगारातून एक दिवस कापला गेला होता.

आपल्याकडे सर्वाधिक नुकसान याच गैरसमजामुळे होते. अचानक जाहीर होणारी सुट्टी ज्या आदेशाने निघते, त्यात ज्यांचा उल्लेख असतो त्यांनाच ती लागू होते. बँकांची सुट्टी १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याखाली वेगळ्या अधिसूचनेने ठरते. खाजगी कारखाना किंवा दुकान त्या दिवशी बंद ठेवायचे की नाही हे व्यवस्थापन ठरवते, अथवा युनियनशी झालेल्या करारात तशी तरतूद असावी लागते. त्यामुळे अशी बातमी आली की सुपरवायझरला त्याच रात्री विचारावे, उत्तर मेसेजवर घ्यावे आणि ‘काम चालू आहे’ असे कळल्यास हक्काच्या रजेतून रजा मागावी.

दुसरी चूक भिंतीवरच्या कॅलेंडरची. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांत लागणारी मराठी कॅलेंडरे बहुधा महाराष्ट्रात छापली जातात आणि त्यांतल्या लाल तारखा त्या राज्याच्या असतात. १९ फेब्रुवारीची शिवजयंती तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. आपल्याकडची चित्ररथांची शिवजयंती मात्र वैशाखात, तिथीप्रमाणे होते. कर्नाटकातील कारखाने व आस्थापनांसाठी १९६३ चा राष्ट्रीय व सण सुट्ट्यांचा कायदा आहे. त्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर हे पाच दिवस ठरलेले आहेत, आणि आणखी पाच सुट्ट्या सणांसाठी मिळतात. हे पाच सण कोणते, हे मालक आणि कामगार यांच्या संमतीने ठरते. वर्षाच्या सुरुवातीला यादी तयार होत असताना आपण गप्प राहतो आणि गणपती-दिवाळी जवळ आली की तक्रार करतो, हे मला मनापासून खटकते. यादी ठरताना रविवारी येणारे सण वगळून दुसरे मागता येतात, हेही अनेकांना सुचत नाही.

महाराष्ट्राच्या हद्दीतील, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला कामाला जाणाऱ्या बेळगावकरांनी एवढे ध्यानात ठेवावे की सुट्ट्यांचा कायदा कामाच्या ठिकाणचा लागतो, घराच्या पत्त्याचा नाही. महाराष्ट्रात कायद्याने ठरवलेल्या संख्येएवढे किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना व कार्यालयांना २०१७ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला आठ भरपगारी सण-सुट्ट्या द्याव्या लागतात.

मतदानाच्या दिवसाची सुट्टी मात्र कामाच्या ठिकाणावरून ठरत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते, आणि रोजंदारीवरचा कामगारही त्यातून वगळलेला नाही. १० मे २०२३ रोजी कर्नाटक विधानसभेचे मतदान होते, महाराष्ट्रात नव्हते. तरीही बेळगावचा मतदार शिनोळीत कामाला असला तरी ती सुट्टी त्याच्या हक्काची होती. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, अशा कामावरील व्यक्तीला तेवढा अपवाद आहे.

यादीतल्या सुट्टीला कामावर बोलावले तर नकळत हक्क सोडून देणे, ही शेवटची आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय. कर्नाटकच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे अशा दिवशी काम केल्यास दुप्पट वेतन, किंवा त्या दिवसाचे वेतन आणि बदली भरपगारी सुट्टी, यांपैकी एक मिळायला हवे. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे तोंडी आश्वासन दिले जाते, मधे महिना जातो, शिफ्ट बदलते, सुपरवायझर बदलतो आणि बदली सुट्टी कुणाच्याच वहीत सापडत नाही. म्हणून त्याच आठवड्यात दोन ओळींचा अर्ज द्यावा : कोणत्या सुट्टीला, किती वाजेपर्यंत काम केले आणि बदली सुट्टी कोणत्या तारखेला हवी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कामगार निरीक्षकांकडे जाण्याची वेळ आलीच, तर ही पोच, हजेरी कार्ड, पगारपत्रक आणि नोटीस बोर्डावरील सुट्ट्यांच्या यादीचा फोटो सोबत न्यावा. तो फोटो जानेवारीतच काढलेला असावा.