खळ्यात अंतराळ: वाडीत सायफाय सिनेमा लावायचा तर

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो, आणि पडद्यावर जे काळं दिसतं ती उजेड न पडलेली जागा असते. कौटुंबिक सिनेमाला याने फारसं बिघडत नाही. पण ज्या सिनेमात अर्धा वेळ काळ्याभोर पोकळीतून एक यान चाललेलं आहे, तिथे पडदा राखाडी दिसला की यान धुक्यात चालल्यासारखं वाटतं. तेव्हा अंतराळ चांगलं दिसणं हे महागड्या प्रोजेक्टरपेक्षा खळ्यात किती अंधार आहे यावर ठरतं. कोकणातल्या वाडीत अंधार मुबलक असतो. तो आपणच ट्यूबा लावून घालवतो.

कधी लावायचा

भात झोडून झालं, खळं सारवून मोकळं झालं की नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, माणसं भरपूर जमतात, पण संध्याकाळी वळीव कधी गाठेल याचा नेम नाही. मेमध्ये लावायचाच तर लांब गडगडायला लागल्याबरोबर सगळ्या पिना काढून सामान पडवीत घ्यायची तयारी ठेवा.

सूर्य बुडाल्यावर पाऊण-एक तासाने पुरेसा काळोख होतो. म्हणजे डिसेंबरात सातला सुरू करता येतं, मेमध्ये आठ वाजतात. शेवटची वेळ कायद्याने ठरलेली आहे: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. मे महिन्यात अडीच तासांचा सिनेमा म्हणूनच बसत नाही. रात्रभर दशावतार बघणाऱ्या गावाला अडीच तास म्हणजे काहीच नाही, पण घड्याळ ऐकत नाही.

वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. दुपारपासून समुद्रावरून येणारे खारे वारे सूर्यास्तानंतर मंदावतात, आणि रात्री उशिरा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुरू होतात. मधल्या दोन-तीन तासांत हवा बहुधा पडलेली असते. सिनेमा त्यात बसवा.

पडदा

आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच. वाडीतल्या चाळीस-पन्नास माणसांना एवढा पुरतो. याहून मोठा करायचा मोह होतो, पण रुंदी दीडपट केली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि चित्र तितकंच मंद पडतं.

कापड पांढरं, जाडसर, बिनचकाकीचं हवं. साधी चादर चालते, पण तिच्यातून बराच उजेड मागे निघून जातो. मागून काळं कापड किंवा घोंगडी लावली तर मागच्या भिंतीवरून परत येणारा उजेड थांबतो आणि काळे भाग सुधारतात. गेल्या निवडणुकीच्या फ्लेक्सची पाठही वापरता येते. फक्त ती चकचकीत नाही ना ते टॉर्च मारून बघा. मधोमध पांढरा ठिपका चमकला तर सिनेमाभर तो तिथेच दिसणार.

चौकट चिव्याच्या काठ्यांची करा. चिवा हा बांबू भरीव असतो, वजनाला वाकत नाही. दोन उभ्या, दोन आडव्या, खालची कड जमिनीपासून तीन फूट वर. खाली बसलेल्या माणसाचं डोकं तेवढं येतं, आणि सबटायटल्स नेमक्या त्याच कडेला असतात. वरची कड सुंभाने घट्ट आवळा. खालचे दोन कोपरे मात्र सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, म्हणजे झुळूक आली की रबर ताणतं आणि कापड फाटत नाही. पडद्याला भोकं पाडली की वारा निघून जातो असं काही मंडपवाले सांगतात. भोकांच्या कडा फडफडतात आणि वाऱ्याचा जोर काही कमी होत नाही, त्या फंदात पडू नका. त्यापेक्षा पडद्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. आपल्याकडचा वारा मुख्यतः पूर्व-पश्चिम, तो कडेने निघून जातो.

आणि जागा बघताना मान वर करा. माडाखाली माणसं बसवू नका. नारळ कधी पडेल ते सिनेमात लिहिलेलं नसतं.

प्रोजेक्टर

खोक्यावर ‘९००० ल्यूमेन’ (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेलं असेल तर ते विसरून जा. ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले ‘एएनएसआय ल्यूमेन’ किती ते शोधा. ते दिलेलंच नसेल तर आकडा लपवण्यासारखाच असणार. हिशेब सोपा आहे. आठ गुणिले साडेचार म्हणजे ३६ चौरस फूट. थिएटरमधल्या पडद्याइतका उजेड मिळायला दर चौरस फुटाला साधारण १४ ल्यूमेन लागतात, म्हणजे ५००. चादर उजेड खाते, ‘सिनेमा’ मोडमध्ये प्रोजेक्टर मंद होतो, दिवा जुना असतो. म्हणून दुप्पट धरा, १०००. शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला ३००० ल्यूमेनचा दिव्याचा प्रोजेक्टर मिळाला तर इको मोडवर चालवा. उजेड पुरून उरतो आणि पंख्याचा आवाजही कमी होतो.

‘१०८० सपोर्ट’ आणि ‘नेटिव्ह १०८०’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ एवढाच की तो तसली फाइल घेतो. आतली चौकट ८०० गुणिले ४८० ठिपक्यांची असू शकते. अशा प्रोजेक्टरवर तारे चौकोनी दिसतात.

अंतर थ्रो रेशोवरून काढा, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी. रेशो १.५ असेल तर आठ फुटी पडद्यासाठी बारा फूट. म्हणजे प्रोजेक्टर माणसांच्या मधोमध येतो. टेबलावर स्टूल ठेवून चार-साडेचार फुटांवर चढवा आणि समोरची अडीच फुटांची पट्टी मोकळी सोडा, नाहीतर पाणी प्यायला उठलेला प्रत्येक पोरगा चंद्रावर उतरेल. चित्र तिरकं आलं तर आधी टेबल हलवा, पायाखाली चिऱ्याची चीप घाला. कीस्टोनचं बटण सगळ्यात शेवटी. कीस्टोन चित्र सरळ करत नाही, कापून सरळ दाखवतो, आणि त्यात बारीक तपशील जातो.

प्रोजेक्टर एसीच्या खोलीतून थेट खळ्यात आणून चालू करू नका. लेन्सवर लगेच वाफ धरते. अर्धा तास बंद अवस्थेत बाहेर ठेवा, मग चालू करा. जानेवारीत दव इतकं पडतं की नऊपर्यंत चटया ओल्या होतात. चालू प्रोजेक्टर गरम असल्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही, पण वर माडाचं एखादं झाप आडवं टाका. लॅपटॉपला मात्र छप्पर हवंच.

चांदणं, ट्यूब आणि पतंग

बरेच जण कॅलेंडर बघून अमावास्या निवडतात. गरज नाही. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन). पडद्यावर १००० ल्यूमेन पडले तर तिथे ३०० लक्स होतात. खरा शत्रू पडवीतली ट्यूब. पंधरा फुटांवरची वीस वॉटची एलईडी ट्यूब पडद्यावर पाच लक्स तरी टाकते, म्हणजे पौर्णिमेच्या वीसपट. ती बंद करा, शेजाऱ्यालाही सांगा. तुळशीपुढची पणती राहू दे.

वाटेवर मात्र उजेड हवाच, कारण रात्री फुरसं हा विषारी साप बाहेर पडतो आणि चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ही त्याची लाडकी जागा. वाटेवरच्या बल्बला लाल जिलेटीन कागद गुंडाळा. लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. गडग्याला टेकून कोणाला बसवू नका.

किड्यांसाठी सिनेमाच्या तासभर आधी पंधरा-वीस पावलांवर, पडद्याच्या पाठीमागे, एक पांढरा बल्ब लावा आणि खाली साबणाच्या पाण्याची परात ठेवा. बरेच पतंग तिथेच अडकतात. उरलेले येतातच. लेन्सवर बसलेला पतंग पडद्यावर नुसता पुसट डाग दिसतो, कारण फोकस तिथे नसतो. पडद्यावर बसलेला मात्र स्पष्ट दिसतो, आणि त्याच्या मागून पाल येते. कोट्यवधी मैल दूरच्या ग्रहावरून पाल सरसर चालत गेली की प्रेक्षक सिनेमापेक्षा तिच्यातच रंगतात. तिला हाकलायला जाऊ नका, पडदा हलेल.

वीज

घरातल्या इन्व्हर्टरवर किती वेळ निघेल? १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी खातो, म्हणून हाती ११५० धरा. दिव्याचा प्रोजेक्टर २८० वॉट, स्पीकर ६०, लॅपटॉप ५०: मिळून ३९०. पावणेतीन-तीन तास. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर अर्धाच वेळ धरा, आणि घरातले पंखे बंद.

इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवा. इकोवर वीज बदलायला जरा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर असा अचानक गेला की पंखा थांबतो आणि दिवा तापलेलाच राहतो. लगेच चालू करू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. घाई केली तर दिवा फुटू शकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून सतत घुंsss येतं. त्याला उपाय नाही, साइन वेव्हचा इन्व्हर्टर मागून आणा.

माणसं अनवाणी, जमीन ओलसर. तेव्हा एक्स्टेन्शन तीन पिनांचंच, वायर १.५ चौरस मिलिमीटरची, सांधा उघड्यावर नको, आणि वीज गळताच लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलेल्या लाइनवरूनच घ्या. यात तडजोड नाही.

आवाज

उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे आवाज परत येत नाही; अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने घटतो. दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर, तोंड मागच्या रांगेकडे. ब्लूटूथ नको. आवाज पाव सेकंदापर्यंत मागे पडतो आणि ओठ आधी हलतात. वायरच लावा.

सायफायची खास खोड म्हणजे संवाद कुजबुजत आणि स्फोट कानठळ्या बसवणारे. व्हीएलसी या सिनेमा चालवायच्या प्रोग्राममध्ये इफेक्ट्समधला कॉम्प्रेसर चालू करा, मोठे आवाज दबतात. फाइल ५.१ ची, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाची, असेल तर आउटपुट स्टीरिओ करा, नाहीतर संवादाचा मधला चॅनल हरवतो आणि नुसतं संगीत ऐकू येतं.

आणखी एक. अंतराळात हवा नाही म्हणून आवाज नाही. हे मानणारे दिग्दर्शक बाहेरच्या दृश्यात आवाज पूर्ण तोडतात. खळ्यात त्या क्षणी कोणीतरी उठून वायर हलवतोच. म्हणून लावणाऱ्याने सिनेमा आधी बघितलेला असावा, आणि वायरीजवळ त्यानेच बसावं.

फाइल आणि सबटायटल्स

एचडीआर फाइल (जास्त झगमगीत पडद्यांसाठी केलेली) साध्या प्रोजेक्टरवर फिकी, राखाडी दिसते. साधी १०८० ची एसडीआर, म्हणजे नेहमीच्या पडद्यासाठीची, घ्या. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही; एक्सफॅट केला तर काही प्रोजेक्टर तो वाचत नाहीत. म्हणून लॅपटॉप आणि एचडीएमआय. टीव्हीवर बघणार असाल तर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर लाखमोलाचं यान मालिकेच्या सेटवरचं वाटतं.

मराठी सबटायटल्स स्वतः करत असाल तर एसआरटी (सबटायटल्सची) फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं. जोडाक्षरं तुटत असतील तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा. रंग पांढराशुभ्र नको. काळ्या पडद्यावर तो डोळ्यांत जातो आणि अंतराळही उजळतो. फिकट राखाडी किंवा मळकट पिवळा ठेवा. ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, दोनच ओळी. ‘अंतराळयान’ दर वेळी लिहू नका, ‘यान’ पुरतं.

कोणता सिनेमा

स्ट्रीमिंगची वर्गणी घरच्यांपुरती असते. वाडीला बोलावून दाखवायचं तर तिकीट नसलं तरी हक्कधारकाची परवानगी लागते. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे जुन्यातलं बरंच खुलं आहे. मात्र नवं पार्श्वसंगीत जोडलेल्या आवृत्तीत त्या संगीताचे हक्क वेगळे असतात. सुरुवातीला जॉर्ज मेलिएसचा १९०२ चा चंद्रावरच्या स्वारीचा मूकपट लावा. पाव तासाच्या आसपास आहे, भाषा लागत नाही. आवाज बंद ठेवून पेटी, पखवाज आणि झांज घेऊन दशावतारातली मंडळी बसवलीत तर हक्कांचा प्रश्नही सुटतो, आणि चंद्राच्या डोळ्यात यान घुसतं तिथे पखवाजाची थाप बरोबर कुठे पडायला हवी हे त्यांना सांगावं लागत नाही.

नंतर

सिनेमा संपल्यावर पंखा थांबेपर्यंत प्रोजेक्टर काढू नका. मग कोरड्या फडक्याने पुसून लगेच पिशवीत. खाऱ्या हवेत जॅक आणि एचडीएमआयची टोकं हिरवी पडतात, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. पावसाळ्यात डब्यात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्धा तास तरी प्रोजेक्टर चालवा. पडद्याची गरज नाही. माजघरातली चुना दिलेली भिंत चालते, आणि बाहेर धो-धो पाऊस पडत असताना स्पीकरही लावायची गरज नाही.