आजीचं माहेर कसं शोधायचं

माझ्या भाच्याची बायको अमेरिकेतली, नेब्रास्कातल्या शेतकरी घरातली, मूळ जर्मन वंशाची. पहिल्यांदा आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाला आली तेव्हा तिनं स्वतःच्या खापरपणजीचा कागद दाखवला. जर्मनीतल्या खेड्यातल्या चर्चच्या वहीतली लग्नाची नोंद होती ती. नवऱ्याच्या आडनावापुढं ‘गेबोरेने’ असं लिहून माहेरचं आडनाव दिलेलं. शेतात राबलेली बाई, पण दोन्हीकडची ओळख कागदावर शाबूत. मग तिनं मला विचारलं, ‘आत्या, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय?’ मला सांगता आलं नाही. आमच्याकडं लग्नात नाव बदलतात आणि भावकीच्या वंशावळीत फक्त पुरुष असतात. त्यानंतर दीड वर्ष मी शोध घेतला. कुणाला असंच शोधायचं असेल तर मला उपयोगी पडलेली वाट सांगते.

सुरुवात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून करा. पण ‘आजीचं माहेर कोणतं’ असं थेट विचारू नका, ‘काय की बाई’ एवढंच उत्तर येतं. ‘दिवाळीला मुऱ्हाळी कोण यायचा? बैलगाडीनं की पायी? वाटेत मुक्काम कुठं पडायचा?’ असं विचारा. मुऱ्हाळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा. माझी मावळण, म्हणजे वडिलांची बहीण, चौऱ्याऐंशीची. मुऱ्हाळ्याचं नाव निघताच तिला जात्यावरची ओवी आठवली. आजी म्हणायची ती:

माहेराच्या वाटंवर मांजरा नदी आडवी
माझा बंधू हौशी गं, बैलं पाण्यातून काढवी

आम्ही मांजरेच्या दक्षिणेला. म्हणजे माहेर नदीपल्याड, उत्तरेला. निम्मा जिल्हा तिथंच गळून पडला. ओव्यांत भावाचं गाव, नदी, देव हमखास येतात, म्हणून त्या रेकॉर्ड करून घ्या. मोबाईल मांडीवर ठेवा, तोंडासमोर धरू नका.

वर्ष कुणाला सांगता येत नाही, प्रसंग सांगता येतात. ‘रझाकाराच्या वक्ताला मी कडेवर होते’ म्हटलं की १९४७-४८ धरा. ‘सुकडी खाल्ली, खडी फोडली’ म्हणजे १९७२ चा दुष्काळ.

मग फडताळातली भांडी उतरवा. ही गोष्ट मला सगळ्यांत उशिरा सुचली. लग्नात मामानं, भावानं दिलेल्या पितळी भांड्यावर देणाऱ्याचं नाव टोचून घालायची पद्धत होती. आमच्याकडं एक परात दाणे भाजून पसरायला वापरतात. चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासली, दारात तिरप्या उन्हात धरली, तेव्हा काठाजवळ ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उठली. पहिलं नाव आजीच्या भावाचं, त्यापुढं गाव, रेणापूरकडचं. समोरून उजेड पडला की ती अक्षरं दिसतच नाहीत. मी तीस वर्षं त्या परातीत दाणे पसरले होते.

गाव कळलं की तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हा पायाचा कागद. त्यात पणजोबांचं, म्हणजे आजीच्या वडिलांचं, नाव आणि सर्व्हे नंबर मिळतो. त्याआधीचे निजामी कागद उर्दूत, काही मोडीत असतात. गावातल्या निवृत्त उर्दू शिक्षकांना वाचायला सांगा, मनापासून मदत करतात. त्यांतलं साल फसली, म्हणजे निजामी महसुली वर्षाचं, असतं. तारीख ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असेल तर त्या सालात ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष.

एका कार्यालयात मला ऐकावं लागलं, ‘बायकांचं रेकॉर्ड काढून काय करता?’ तिथून मी रडत बाहेर आले. तुम्ही मात्र अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खरा कागद पुढं आहे: वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर नाव बदलल्याची नोंद, आणि हक्कसोड पत्र. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं लेकी बापाच्या वारस झाल्या. म्हणून त्यानंतर बाप वारला असेल तर वारसांत लेकींची नावं लागतात, आणि बहुतेक वेळा पाठोपाठ बहिणी भावांच्या नावे हक्क सोडून देतात. जमीन सोडताना का होईना, बाई कागदावर येते: नाव, वय, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव. पणजोबांच्या फेरफारात मला आजीसह तिघी बहिणी सापडल्या. यातल्या एकीचं नावही आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. फेरफार गट नंबरवरून शोधायचा, तलाठ्याकडं जुना सर्व्हे नंबर दिला की गट नंबर कळतो. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही बघायला मिळतात. हक्कसोड पत्र नोंदवलेलं असेल तर नक्कल दुय्यम निबंधकाकडं मागा.

शाळेचा प्रवेश निर्गम उताराही काढा, पण आजीचा नव्हे, तिच्या भावाचा. मुली शाळेत नव्हत्या. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्ममृत्यू मिळतात. नाशिक-त्र्यंबकला कुणी विधीला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत बघा, गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात.

किल्लारीकडच्या गावांत १९९३ च्या भूकंपात घरातले कागद ढिगाऱ्याखाली गेले. तिथं सोयऱ्यांच्या घरच्या लग्नपत्रिका आणि भांडी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सगळं हाती आलं की वंशावळ नव्यानं लिहा. प्रत्येक बाईसमोर दोन नावं आणि दोन गावं. लेकींनाही ओळ द्या, त्यांच्या लेकरांनाही. आमच्या हक्कसोड पत्राच्या नकलेवर आजीच्या नावासमोर अंगठा आहे, अंगठ्याच्या रेषा अजून मोजता येतात. तो कागद मी मावळणीला नेऊन दिला. तिनं त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बघितला.