कंसातला गुणक आलेखाचे काय करतो : माझा अनुभव

फलनाच्या कंसाबाहेरचा गुणक आलेखावर सरळ लागू होतो आणि कंसातला उलटा वागतो, हा नियम पाठ असूनही √(६ − २क्ष) चा आलेख काढताना सुरुवात कुठून करावी हे मला उमगत नसे. शेवटी नियम बाजूला ठेवून मी √क्ष या मूळ वक्राचे तीन बिंदू घेतले : (०, ०), (४, २) आणि (१६, ४). नव्या फलनाची किंमत २ यायची असेल तर मुळाच्या आत ४ च हवेत, म्हणून ६ − २क्ष = ४, म्हणजेच क्ष = १; याच रीतीने पहिला बिंदू (३, ०) वर आणि तिसरा (−५, ४) वर जातो. यातून नवा क्ष = ३ − (जुना क्ष ÷ २) हे सूत्र मिळाले आणि सारा क्रम त्यातच दिसला : आडवी अंतरे निम्मी करायची, य-अक्षात परावर्तन घ्यायचे, मग आलेख ३ एकक उजवीकडे सरकवायचा. ६ एकक नव्हे, कारण त्या ६ लाही २ ने भाग जातो.

सरावासाठी क्ष² मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. य-अक्षातील परावर्तनाने तो जराही बदलत नाही, आणि (२क्ष)² म्हणजे ४क्ष² असल्यामुळे आलेख आडवा दाबला की उभा ताणला, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. साइनच्या आलेखात ही अडचण नाही : साइन २क्ष मध्ये आवर्तन ३६०° वरून १८०° वर येते आणि उंची १ च राहते, तर २ साइन क्ष मध्ये उंची दुप्पट होऊन आवर्तन तसेच राहते.